एनिमा

गुदद्वारातून मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात द्रव पदार्थ सोडण्याच्या क्रियेला आणि अशा रीतीने सोडलेल्या द्रवालाही ‘एनिमा’ म्हणतात. आयुर्वेदात या क्रियेला ‘बस्ती’ अशी संज्ञा आहे. साचलेला मल बाहेर काढणे, आतड्यात औषध पोहोचविणे आणि क्ष-किरण चित्रणासाठी बेरियमासारखा अपारदर्शक पदार्थ आतड्यात भरणे, हे एनिमाचे तीन प्रमुख उपयोग होत. प्रस्तुत नोंदीत त्यांपैकी पहिल्या उपयोगाचा, म्हणजे प्रसंगोपात्त होणाऱ्या बद्धकोष्ठतेवर वैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळणारा तयार एनिमा घरी वापरण्याचा, मुख्यतः विचार केला आहे. हा उपाय जलद व बहुधा निर्धोक आहे. परंतु त्याचा परिणाम आतड्याच्या केवळ खालच्या भागापुरता मर्यादित असतो. बद्धकोष्ठतेचे कारण त्याने दूर होत नाही. एनिमामुळे झालेल्या गंभीर दुष्परिणामांपैकी बरेचसे तो पुनःपुन्हा घेतल्यामुळे किंवा जेथे तो वर्ज्य आहे तेथे दिल्यामुळे झालेले आढळतात.

मलोत्सर्गाची क्रिया : अन्न, पेये आणि पाचक रस मिळून प्रौढ व्यक्तीच्या लहान आतड्यात दररोज सु. ९ लि. द्रव येतो. त्यातील बहुतेक तेथेच शोषला जाऊन सु. १ ते १·५ लि. द्रव मोठ्या आतड्यात उतरतो. सु. दीड मी. लांबीच्या या आतड्यात पाण्याचे आणखी शोषण होते व अखेर मलाबरोबर सु. १०० ते १५० मिलि. पाणी बाहेर पडते. नेहमीच्या मऊ मलात पाण्याचे प्रमाण सु. तीनचतुर्थांश असते. हे प्रमाण थोडे जरी घटले, तरी मल कठीण व कोरडा होतो.

मोठ्या आतड्याचा शेवटचा, सु. १२ ते १५ सेंमी. लांबीचा भाग म्हणजे गुदाशय होय. त्याच्या पुढे सु. ३ ते ४ सेंमी. लांबीचा गुदमार्ग असतो. आतड्यातील मल गुदाशयात उतरला म्हणजे त्याची भित्ती ताणली जाते, तेथील तंत्रिका (मज्जा) उद्दीपित होतात आणि मलोत्सर्गाचा वेग जाणवतो. जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर, जठर ताणले गेल्यामुळे मोठ्या आतड्याची हालचाल वाढते व याच वेळी हा वेग बहुधा येतो. तो वारंवार रोखून धरल्यास मल गुदाशयात पडून राहतो, त्यातील पाण्याचे शोषण चालूच राहते आणि हळूहळू वेगाची जाणीवही बोथट होते. नैसर्गिक वेग अडविण्याचे दुष्परिणाम प्राचीन वैद्यांनाही माहीत होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘न वेगान्धारणीय’ हा सातवा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे.

दररोज एकदा शौचास झालेच पाहिजे, ही समजूत बरोबर नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा येथपर्यंतची वारंवारता प्राकृत मानली जाते. मल कठीण असणे, कुंथावे लागणे, पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना राहणे किंवा आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, ही बद्धकोष्ठतेची लक्षणे होत. प्रवास, आहारातील बदल, कमी पाणी पिणे, अंथरुणास खिळून राहणे, उपवास यांमुळे निरोगी व्यक्तीलाही ती अधूनमधून होऊ शकते. एनिमाचा विचार अशाच प्रसंगी, आणि तोही आहार व तोंडाने घ्यावयाची सौम्य औषधे यांचा उपयोग न झाल्यावर, करावयाचा असतो.

इतिहास : एनिमा हा वैद्यकातील अतिप्राचीन उपचारांपैकी एक आहे. इ. स. पू. सु. १५५० मधील एबर्स पपायरसात त्याचे उल्लेख आहेत. ईजिप्शियन लोक दर महिन्याला लागोपाठ तीन दिवस वांतिकारके व एनिमा घेऊन शरीरशुद्धी करीत, असे ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस (इ. स. पू. पाचवे शतक) यांनी नमूद केले आहे.

भारतात बस्ती ही पंचकर्मांपैकी एक प्रमुख क्रिया होय. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात व सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तिचे तपशीलवार विवेचन आढळते. प्राण्याचे मूत्राशय (बस्ती) स्वच्छ करून त्याची पिशवी औषधी द्रव भरण्यासाठी वापरीत, यावरून या क्रियेला हे नाव पडले. काढ्याचा तो निरूह किंवा आस्थापन बस्ती आणि स्नेहाचा (तेल वा तुपाचा) तो अनुवासन बस्ती, असे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. त्यांचा हेतू केवळ मल काढण्याचा नसून वातदोषाच्या चिकित्सेचा असल्याने त्यांची आधुनिक रेचक एनिमाशी सरसकट तुलना करता येत नाही. उपकरणाविषयी मात्र प्राचीन ग्रंथकारांनी बाळगलेली दक्षता आजही लक्षात घेण्यासारखी आहे. सहा, बारा व वीस वर्षे वयाच्या रुग्णांसाठी बस्तिनेत्र (नळी) अनुक्रमे सहा, आठ व बारा अंगुळे लांबीचे असावे; ते गाईच्या शेपटीप्रमाणे टोकाकडे निमुळते व गुळगुळीत असावे आणि फार आत जाऊ नये म्हणून त्यावर कर्णिका (कडे) असावी, असे चरकसंहितेत सांगितले आहे. रुग्णाने डाव्या कुशीवर निजावे, हा त्यातील निर्देश आजच्या पद्धतीशी जुळतो. हठयोगातील षट्कर्मांतही बस्तीचा समावेश आहे.

यूरोपात सतराव्या शतकात, विशेषतः फ्रान्समध्ये, पिचकारीने एनिमा घेण्याची जणू प्रथाच पडली होती. मोल्येर या नाटककाराने ‘काल्पनिक रोगी’ या १६७३ मधील प्रहसनात वैद्यांच्या या सोसाची यथेच्छ टर उडविली आहे. डच शरीररचनाविज्ञ रेनिए द ग्राफ यांनी १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एनिमावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. एकोणिसाव्या शतकात रबराच्या नळ्या व फुगे उपलब्ध झाल्यावर एनिमा घेणे सोपे झाले. भारतात निसर्गोपचाराच्या चळवळीमुळे साध्या पाण्याच्या एनिमाचा प्रसार झाला. महात्मा गांधी या उपचारपद्धतीचे पुरस्कर्ते होते व १९४६ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे त्यांनी निसर्गोपचार केंद्र सुरू केले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर एकदा वापरून टाकून द्यावयाच्या लहान प्लॅस्टिक बाटल्या प्रचारात आल्या आणि रुग्णालयातील परिचारिकेने करावयाची ही क्रिया घराघरांत होऊ लागली.

प्रकार : घटक द्रव्यांच्या क्रियेनुसार मल काढण्यासाठीच्या एनिमांचे पुढील प्रकार पडतात.

(१) मलमृदुकारी एनिमा : यात डॉक्यूसेट सोडियम हे पृष्ठताण कमी करणारे द्रव्य असते. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे स्निग्ध पदार्थांकडे आकर्षिले जाते. त्यामुळे कपड्यात साबणाचे पाणी जसे चटकन मुरते, तसे आतड्यातील पाणी व मेद कोरड्या मलात शिरतात आणि तो मऊ होतो. हे द्रव्य मूळचे उद्योगधंद्यांत पदार्थ चटकन ओले व्हावेत म्हणून वापरले जात होते. विल्सन व डिकिन्सन या अमेरिकन वैद्यांनी १९५५ मध्ये तीव्र बद्धकोष्ठतेवर त्याचा उपयोग सुचविला. पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांसारख्या आधारद्रव्यात ते मिसळून सु. ५ मिलि. मापाच्या, लांब निमुळत्या टोकाच्या छोट्या नळ्यांत भरतात. एका नळीत बहुधा २८३ मिग्रॅ. औषध असते व परिणाम २ ते १५ मिनिटांत दिसून येतो. तोंडाने घेतलेल्या डॉक्यूसेटाची उपयुक्तता मात्र संशयास्पद ठरली आहे. कॅनडातील अंतिमावस्थेतील रुग्णांवर केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सोनामुखीच्या औषधास डॉक्यूसेटाची जोड दिल्याने अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही. एनिमाच्या रूपात औषध प्रत्यक्ष मलाच्या ठिकाणीच पोहोचते, शिवाय त्याने व आधारद्रव्याने गुदाशयाचे उद्दीपनही होते. म्हणून दोन्ही रूपांची परिणामकारकता सारखी समजू नये.

(२) ग्लिसरीन : हे पाणी ओढून घेते, मार्ग ओशट करते आणि गुदाशयाच्या श्लेष्मकलेस (बुळबुळीत अस्तरास) सौम्य रीत्या उद्दीपित करते. ते द्रवरूपात लहान पिचकारीने किंवा गुदवर्तीच्या (गुदद्वारात ठेवावयाच्या कांडीच्या) रूपात वापरतात. परिणाम होण्यास सु. १५ ते ३० मिनिटे लागतात.

(३) लवणी एनिमा : भारतातील औषधांच्या दुकानांत सामान्यपणे मिळणारी तयार एनिमाची बाटली बहुधा याच प्रकारची असते. तीत सोडियमाची दोन फॉस्फेट लवणे संहत विद्रावाच्या रूपात असतात. तर्षणाच्या क्रियेने हा विद्राव आतड्याच्या भित्तीतून पाणी खेचून घेतो, त्यामुळे गुदाशय फुगतो आणि बहुधा १ ते ५ मिनिटांत मलोत्सर्ग होतो. सर्वांत जलद असलेला हा प्रकार सर्वांत अधिक जपून वापरावा लागतो. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

(४) तेलाचा एनिमा : द्रव पॅराफीन किंवा वनस्पतिजन्य तेल काही काळ आत राहू दिल्यास कठीण खडे मऊ होतात. मल दगडासारखा घट्ट झाला असता इतर एनिमांच्या आधी याचा उपयोग करतात.

(५) पाण्याचे मोठे एनिमा : यात टांगलेल्या भांड्यातून रबरी नळीने प्रौढास अर्धा ते एक लि. कोमट पाणी किंवा मिठाचे समतानी (शरीरद्रवांइतक्या लवणतेचे) पाणी देतात. हा प्रकार शक्यतो प्रशिक्षित व्यक्तीने द्यावा. पूर्वी रुग्णालयांत सर्रास दिला जाणारा साबणाच्या पाण्याचा एनिमा श्लेष्मकलेचा दाह करतो, म्हणून आता तो टाळणेच योग्य मानतात.

वापरण्याची रीत : प्रथम वेष्टनावरील घटक, मात्रा व मुदत वाचावी. सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांत निरनिराळी द्रव्ये असू शकतात. म्हणून एकीच्या सूचना दुसरीला लागू करू नयेत. हात धुऊन घ्यावेत व शौचकूप जवळ असावा. थंडीच्या दिवसांत बाटली काही वेळ कोमट पाण्यात ठेवावी. ती विस्तवावर किंवा उकळत्या पाण्यात तापवू नये. द्रवाचे तापमान शरीराच्या तापमानाइतकेच असावे, कारण गरम द्रवामुळे श्लेष्मकला भाजल्याची उदाहरणे नमूद आहेत.

रुग्णाने डाव्या कुशीवर निजून उजवा गुडघा, किंवा दोन्ही गुडघे, पोटाशी घ्यावेत. मोठ्या आतड्याचा गुदाशयाला जोडलेला वाकडा भाग शरीराच्या डाव्या बाजूस असल्याने या स्थितीत द्रव सहज आत उतरतो. टोकावरील टोपण काढल्याची खात्री करून टोकास द्रवाचा थेंब किंवा ओशट मलम लावावे. दीर्घ श्वास सोडताना टोक हलकेच, बेंबीच्या रोखाने आत सरकवावे. अडथळा जाणवल्यास किंवा दुखल्यास जोर न करता थांबावे. याच क्षणी केलेल्या जबरदस्तीने गुदाशयाच्या भित्तीस इजा होते. नंतर बाटली सावकाश दाबून द्रव आत सोडावा, बाटली दाबलेली ठेवूनच टोक बाहेर काढावे आणि वेग तीव्र होईपर्यंत पडून राहावे. वृद्ध व अशक्त रुग्णांना मलोत्सर्गाच्या वेळी प्राणेशा तंत्रिकेच्या उद्दीपनामुळे घेरी येऊ शकते. त्यांनी शौचकूपाचे दार आतून लावू नये व कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे.

मलमृदुकारी किंवा लवणी एनिमा घेतल्यावर अर्ध्या तासात काहीच परिणाम झाला नाही, तर दुसरी बाटली घेण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा व वैद्याचा सल्ला घ्यावा. परिणाम न होण्याचा अर्थ मात्रा कमी पडली असा नसून मल वर अडकला आहे, गुदाशय रिकामाच आहे किंवा आतड्यात अडथळा आहे, असाही असू शकतो. लवणी एनिमाच्या बाबतीत तर न उतरलेला विद्राव आत राहून त्यातील लवणे रक्तात शोषली जातात. दुसऱ्या बाटलीमुळे हा भार दुप्पट होतो.

दुष्परिणाम : पोटात मुरडा, गुदद्वारी आग, थोडा ओलसरपणा व क्षणिक अशक्तपणा हे सौम्य परिणाम आपोआप नाहीसे होतात. गंभीर परिणाम विरळा पण प्राणघातक ठरू शकतात.

फॉस्फेटाचे रक्तात अधिक शोषण झाल्यास रक्तातील कॅल्शियम घटते, सोडियम वाढते, शरीरातील पाणी कमी होते आणि वृक्क (मूत्रपिंड) व हृदय यांच्या कार्यात बिघाड होतो. इझ्राएलमधील एका रुग्णालयातून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात फॉस्फेट एनिमानंतर गंभीर स्थितीत गेलेल्या ११ वृद्ध रुग्णांची माहिती असून त्यांपैकी ५ जण दगावले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१४ मध्ये इशारा दिला की, चिठ्ठीशिवाय मिळणारी सोडियम फॉस्फेटाची औषधे २४ तासांत एकाहून अधिक वेळा घेऊ नयेत आणि दोन वर्षांखालील मुलांना ती गुदमार्गे मुळीच देऊ नयेत. वय ५५ च्या पुढे असणाऱ्यांना, वृक्कविकार असणाऱ्यांना, शरीरातील पाणी कमी झालेल्यांना, आतड्यात अडथळा किंवा दाह असणाऱ्यांना, तसेच मूत्रल औषधे, रक्तदाबावरील काही औषधे व आयब्युप्रोफेनासारखी वेदनाशामके घेणाऱ्यांना धोका अधिक असतो. या वर्गातील अनेक लोक बद्धकोष्ठतेने हमखास त्रस्त असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या सूचनेचे महत्त्व पटेल.

साध्या पाण्याचे मोठे एनिमा एकामागून एक दिल्यास पाणी रक्तात शोषले जाऊन सोडियमाचे प्रमाण घसरते. परिणामी गुंगी व झटके येतात. जन्मतः मोठे आतडे फुगलेले असणाऱ्या मुलांत हा धोका विशेष असतो. टोकाने किंवा दाबाने गुदाशयाचे छिद्रण झाल्यास मल बाहेर पसरून तीव्र शोथ होतो व तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. एनिमानंतर वाढत जाणारी पोटदुखी, ताप, पोट कडक होणे किंवा रक्तस्राव यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब रुग्णालयात जावे.

रोज एनिमा घेण्याची सवय लागल्यास गुदाशयाच्या नैसर्गिक वेगाकडे दुर्लक्ष होते व एनिमावाचून शौचास होणारच नाही, अशी धारणा दृढ होते. म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून एक आठवड्यापेक्षा अधिक काळ कोणतेही रेचक वापरू नये [→ रेचके].

वर्ज्यावर्ज्य : पोटात तीव्र व अनाकलनीय वेदना, मळमळ वा वांत्या, पोट फुगून वारा सरणेही बंद होणे, गुदमार्गे रक्त जाणे, अलीकडे झालेली गुदाशयाची शस्त्रक्रिया व मोठ्या आतड्याचा दाह या स्थितींत एनिमा घेऊ नये. आंत्रपुच्छशोथात (अपेंडिसायटिसमध्ये) सुरुवातीस पोट ‘जड’ झाल्याचे वाटून घरगुती एनिमा किंवा रेचक दिले जाते. त्यामुळे सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका असतो. कर्करोगावरील औषधांमुळे पांढऱ्या कोशिका घटलेल्या रुग्णांत गुदमार्गे काहीही घालणे जंतुसंसर्गास आमंत्रण ठरते. मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर असल्यास टोक घालणे वेदनाकारक होते. अशा वेळी तोंडाने घ्यावयाची मल मऊ करणारी औषधे अधिक बरी. हृदयविकार व वृक्कविकार असणाऱ्यांनी लवणी एनिमा वैद्याच्या अनुज्ञेवाचून घेऊ नये.

मुलांना एनिमा वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावा. बळजबरीने दिलेल्या एनिमामुळे मूल शौचाला घाबरू लागते, वेग रोखून धरते आणि मूळ विकार वाढतो. गरोदरपणी आहारातील बदल व इसबगोल यांवर प्रथम भर द्यावा. प्रसूतीपूर्वी प्रत्येक स्त्रीला एनिमा देण्याची रुग्णालयांतील जुनी प्रथा आवश्यक नसल्याचे चाचण्यांवरून दिसून आले असून जागतिक आरोग्य संघटनाही प्रसूती लवकर व्हावी म्हणून एनिमा देण्याची शिफारस करीत नाही.

अंथरुणास खिळलेल्या वृद्धांत आढळणारी एक फसवी स्थिती कुटुंबीयांनी ओळखणे अगत्याचे आहे. गुदाशयात घट्ट मलाचा गोळा अडकला असता त्याच्या बाजूने पातळ मल झिरपत राहतो व वस्त्रे खराब होतात. हा अतिसार समजून त्यावर जुलाब थांबविण्याचे औषध दिल्यास अडथळा वाढतो. वैद्याने बोटाने तपासणी केल्यास निदान तत्काळ होते. तेलाचा किंवा मलमृदुकारी एनिमा व गरज पडल्यास हाताने मल काढणे, हा त्यावरील उपाय होय. मेरुरज्जूस इजा झालेल्या रुग्णांना ठरावीक वेळी शौचास व्हावे म्हणून लहान मलमृदुकारी एनिमा नियमितपणे दिला जातो. त्यांच्या बाबतीत एनिमाचा नियमित वापर योग्य ठरतो. मात्र इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असल्यास गुदाशयाच्या उद्दीपनाने रक्तदाब एकाएकी चढू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी वैद्याने आखून दिलेली पद्धतच पाळावी लागते.

‘आतडी धुण्या’ विषयीचे समज : साचलेल्या मलातील विषे रक्तात भिनून डोकेदुखी, थकवा व अनेक रोग होतात, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य वैद्यकातही मान्यता पावलेली होती. अमेरिकन वैद्य वॉल्टर ॲल्व्हरेझ यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले की, बद्धकोष्ठतेतील डोके जड होणे, बेचैनी इ. लक्षणे मलोत्सर्ग होताच काही क्षणांत थांबतात. रक्तात भिनलेले विष इतक्या त्वरेने नाहीसे होणे शक्य नाही. ती लक्षणे विषामुळे नव्हे, तर गुदाशय ताणला गेल्यामुळे उद्भवतात. तरीही ‘शुद्धीकरणा’साठी निरोगी व्यक्तींची आतडी यंत्राने धुण्याचा व्यवसाय अनेक देशांत चालतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम भागात १९७८ ते १९८० या काळात अशा एका ठिकाणी अस्वच्छ उपकरणातून आमांशाच्या आदिजीवांचा फैलाव झाला. किमान ३६ जणांना लागण झाली, त्यांपैकी १० जणांवर मोठे आतडे काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागली व त्यांतील ६ जण मरण पावले. कॉफीच्या वारंवार घेतलेल्या एनिमांमुळे रक्तातील लवणांचा समतोल बिघडून झालेल्या दोन मृत्यूंची नोंद अमेरिकेतच १९८० मध्ये झाली. निरोगी आतड्यास बाहेरून धुण्याची गरज नसते. त्याची श्लेष्मकला सतत नवी होत असते व तेथील जंतू शरीरास उपयुक्तच असतात.

प्रतिबंध व कायमचे उपाय : एनिमाने एका वेळेची अडचण दूर होते, ती पुन्हा येऊ नये म्हणून दिनक्रम बदलावा लागतो. प्रौढाच्या आहारात दररोज सु. २५ ते ३० ग्रॅ. तंतुमय पदार्थ असावेत. ज्वारी, बाजरी व नाचणी यांच्या भाकऱ्या, कोंड्यासह कणीक, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, पेरू, पपई व अंजीर यांतून ते सहज मिळतात. तंतूंबरोबर पुरेसे पाणीही घ्यावे लागते. नाहीतर मल वाढूनही कोरडाच राहतो. जेवणानंतर, विशेषतः सकाळी, ठरावीक वेळी घाई न करता शौचास बसावे. उकिडवे बसल्याने गुदाशय व गुदमार्ग यांमधील कोन सरळ होऊन मल सहज उतरतो. खुर्चीसारख्या शौचकूपावर पायांखाली लहान चौरंग ठेवल्यास तोच लाभ मिळतो. चालण्याचा व्यायामही उपकारक असतो. लोहाच्या गोळ्या, कोडीन व अफूजन्य वेदनाशामके, ॲल्युमिनियमयुक्त आम्लविरोधके, रक्तदाबावरील व मानसिक विकारांवरील काही औषधे यांनीही बद्धकोष्ठता होते. अशा वेळी औषधात बदल करता येईल काय, हे वैद्यास विचारावे.

पन्नाशीच्या सुमारास प्रथमच सुरू झालेली बद्धकोष्ठता, मलातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे, पंडुरोग, मलाचा आकार बारीक होणे किंवा बद्धकोष्ठता व जुलाब यांचे आलटूनपालटून येणे, ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. मधुमेह व अवटू ग्रंथीचे (गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे) कार्य मंदावणे ही कारणेही तपासणीनेच कळतात. यांपैकी कोणतेही लक्षण असता एनिमा घेत राहिल्यास तात्पुरता आराम पडतो आणि निदानास विलंब होतो. पोट साफ झाल्याने मिळणारे समाधान हे रोग बरा झाल्याचे प्रमाण नव्हे. प्रसंगोपात्त गरजेसाठी, एका वेळी एकच मात्रा, ही या उपायाची मर्यादा पाळली, तर तयार एनिमा हे घरगुती औषधपेटीतील एक उपयुक्त साधन ठरते.